चोरावर मोर, आणि मध्ये गाडीवाला

चोरांनी एकमेकांना फसवावे आणि आपण पोट धरधरून हसावे, असा सिनेमा लहानथोर सर्वांनाच आवडतो. पाचसहा जण मिळून मोठी चोरी करतात. चोरी होईपर्यंत त्यांची दोस्ती अगदी सख्ख्या भावांसारखी. माल हाती आला की पहिला दुसऱ्याला टांग मारतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी सगळेच तोंडावर पडतात. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे : चोरावर मोर. असे सिनेमे विलायतेत निघाले, अमेरिकेत निघाले, आपल्या मुंबईतही निघाले. फसणारा चोरच असतो, म्हणून आपल्याला त्याची कीव येत नाही. जशास तसे झाले, असे वाटते. त्यामुळे हसायला मन मोकळे राहते.

पण या सिनेमांत बहुतेक वेळा आणखी एक माणूस असतो. तो चोर नसतो आणि पोलीसही नसतो. चोरीचा माल त्याच्या डोक्यावर, त्याच्या गाडीत किंवा त्याच्या घरात असतो, आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो. हसण्याच्या गडबडीत त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. आज मला त्या माणसाविषयी लिहायचे आहे. त्यासाठी दोन सिनेमे घेते, एक आपल्या मुंबईचा आणि एक लंडनचा.

मुंबईचा सिनेमा म्हणजे १९७२ चा ‘व्हिक्टोरिया नं. २०३’. दिग्दर्शक ब्रिज, संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी तो पाहिला असेल. अशोक कुमार आणि प्राण यांनी राजा आणि राणा या दोन म्हाताऱ्या चोरांची कामे केली आहेत. ज्या प्राणला पडद्यावर पाहिले की बायाबापड्या बोटे मोडायच्या, त्याच प्राणने इथे सगळ्यांना हसवले. शेठ दुर्गादास (अन्वर हुसेन) हा वरून इज्जतदार व्यापारी, आतून टोळीचा म्होरक्या. तो हिऱ्यांची चोरी करवतो. त्याचाच माणूस त्याला फसवून हिरे लांबवतो. मग त्या माणसामागे मारेकरी लागतात, आणि पळापळीत हिरे एका घोडागाडीत दडवले जातात. ती गाडी म्हणजे व्हिक्टोरिया नंबर २०३. हिरे गाडीत नेमके कुठे आहेत हे मी सांगत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांची मजा कशाला घालवा!

पुढे काय होते? खून होतो, आणि पोलीस पकडतात ते गाडीवाल्याला. शेठ मोकळा, मारेकरी मोकळे, आणि घोड्याचा लगाम हातात धरून पोट भरणारा म्हातारा गजाआड. मग त्याची मुलगी रेखा (सायरा बानू) पुरुषाचे कपडे घालून मुंबईच्या रस्त्यावर व्हिक्टोरिया हाकायला लागते. तिकडे राजा आणि राणा तुरुंगातून सुटतात, त्यांना हिऱ्यांचा सुगावा लागतो आणि तेही त्या गाडीच्या मागे लागतात. शेवटपर्यंत धमाल आहे.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो थिएटरात नव्हे, वस्तीत. १९८८ चा सुमार असेल. तेव्हा प्रत्येक घरी दोन दोन रुपये वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचे. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत टेबलावर टीव्ही ठेवायचा, आणि रात्रभर तीन सिनेमे. पहिला देवाधर्माचा नको आणि मारामारीचाही नको, असे म्हणून पोरांनी हा विनोदी सिनेमा आणला होता. माझे मामा त्या दिवशी आमच्याकडे वस्तीला आलेले. राजा आणि राणा एकमेकांवर कुरघोडी करायला लागले की मामा मांडीवर थाप मारून हसायचे. इतके हसायचे की शेजारच्या बाया सिनेमा सोडून त्यांच्याकडे बघायच्या.

गाडीवाल्याला पकडतात तो भाग आला तेव्हा मामा हसायचे थांबले. रडले मात्र नाहीत. नंतर रेखा गाडी घेऊन निघाली, तेव्हा ते माझ्या आईला हळूच म्हणाले, “आक्का, त्याची गाडी तरी घरी राहिली.”

आई काही बोलली नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मला या बोलण्यातली खोच पुरती कळली ती पुढे, मामींनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा.

मामा मशीद बंदर भागात हातगाडी ओढायचे. गाडी स्वतःची नव्हती, रोजाच्या भाड्याने घेतलेली. सकाळी गाडीवाल्या मालकाकडून गाडी घ्यायची, दिवसभर गोण्या, पेट्या, गठ्ठे वाहायचे, संध्याकाळी भाडे चुकते करून उरलेले पैसे घरी. १९७९ साली एका दुपारी एका दुकानाच्या मेहताजीने त्यांना कापडाचे सहा गठ्ठे दिले आणि एका गोडाऊनचा पत्ता सांगितला. मजुरी ठरली आठ रुपये. सोबत दुकानाचा एक पोऱ्या. हमालाने मालाची पावती मागायची पद्धत नव्हती. मागितली असती तर दुसऱ्या गाडीवाल्याला काम मिळाले असते.

अर्ध्या रस्त्यात पोलिसांनी गाडी अडवली. पोऱ्या गर्दीत पसार झाला. माल चोरीचा होता. नंतर कळले ते असे : मेहताजी आणि त्याचा जोडीदार दोघे मिळून मालकाचा माल बाहेर काढत होते. जोडीदाराला आपला हिस्सा कमी पडला असे वाटले, म्हणून त्यानेच पोलिसांना खबर दिली. मेहताजीला वेळेत वास लागला आणि तो गावी निघून गेला. म्हणजे हुबेहूब सिनेमा! एका चोराने दुसऱ्याला फसवले, दुसऱ्याने पहिल्याला. फक्त हातात सापडले ते मामा, आणि त्यांना गठ्ठ्यात कापड आहे की कापूस हेसुद्धा माहीत नव्हते.

मामा चार महिने तुरुंगात होते. जामीन मिळाला होता, पण जामीनदार मिळाला नाही. आमच्यापैकी कोणाकडे भाडेपावती होती तर रेशनकार्ड गावचे, रेशनकार्ड होते तर खोली दुसऱ्याच्या नावावर. मामींनी चार घरची भांडी धरली. माझी मामेबहीण आठवीत होती. तिने शाळा सोडली आणि कपड्याच्या कारखान्यात धागे कापायला जाऊ लागली. सिनेमातली रेखा गाडी हाकते तेव्हा शिट्ट्या वाजतात. माझी बहीण सकाळी साडेसातला डबा घेऊन निघायची तेव्हा वस्तीतली माणसे दुसरीकडे बघायची. तिचा बाप ‘आत’ होता ना!

आणि ती हातगाडी? ती मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या आवारात जमा झाली. तीन पावसाळे तिथेच पडून राहिली. फळ्या कुजल्या, लोखंडी पाटे गंजले. गाडीच्या मालकाने तिची किंमत मामांकडून हप्त्याहप्त्याने वसूल केली. १९८२ साली मामा निर्दोष सुटले, तोपर्यंत हप्ते चालूच होते. म्हणून व्हिडिओवर ती घोडागाडी पाहताना मामांच्या मनात पहिले आले ते हे, की याची गाडी तरी घरी राहिली.

आता दुसऱ्या सिनेमाकडे येते. तो मला माझ्या मुलीने गेल्या वर्षी दाखवला. ती कॉलेजात आहे, जुने इंग्रजी सिनेमे शोधून शोधून पाहते. संवाद खाली अक्षरांत येतात, आणि जिथे मी अडले तिथे तिने मराठीत सांगितले. सिनेमाचे नाव ‘द लेडीकिलर्स’. लंडनच्या ईलिंग स्टुडिओने तो १९५५ मध्ये काढला. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक, आणि कथा लिहिणारे विल्यम रोज.

लंडनच्या किंग्ज क्रॉस रेल्वे स्टेशनाजवळ, रुळांच्या वर, एका वाकड्यातिकड्या घरात मिसेस विल्बरफोर्स नावाची एकटी म्हातारी राहते. नवरा जहाजावरचा कप्तान होता, तो समुद्रात गेला. घरी पोपट, भिंतीवर कप्तानाचे चित्र, आणि दिवसाला चारदा चहा. तिच्याकडे खोली भाड्याने घ्यायला प्राध्यापक मार्कस नावाचा गृहस्थ येतो. हे काम ॲलेक गिनेस या मोठ्या नटाने केले आहे. त्याचे चार मित्र रोज वाद्ये घेऊन येतात. आम्ही संगीताचा सराव करतो, असे सांगतात. दार बंद केले की तबकडी लावतात आणि चोरीचा बेत करतात. आपला पीटर सेलर्स त्यात तरुण आणि गुबगुबीत दिसतो.

चोरी होते साठ हजार पौंडांची. पैसे एका मोठ्या पेटीत भरून स्टेशनवर सामानात ठेवतात. पोलीस प्रत्येक माणसाला तपासत आहेत. मग ती पेटी बाहेर कशी काढायची? तिथेच मार्कसची अक्कल दिसते. तो म्हातारीला सांगतो, माझी पेटी स्टेशनवर आली आहे, जरा घेऊन याल का? म्हातारी टॅक्सी करून जाते आणि साठ हजार पौंड घेऊन निघते. वाटेत एक फळवाला घोड्याशी दांडगाई करताना दिसतो. म्हातारी टॅक्सी थांबवून त्याला झापते. त्यातून फळवाला आणि टॅक्सीवाला यांची जुंपते, प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. आणि शेवटी ती चोरीची पेटी पोलीसच इमाने इतबारे म्हातारीच्या घरी पोचवून देतात! मी इथे इतकी हसले की चहा सांडला.

पुढे एका वाद्याच्या पेटीचा पट्टा दारात अडकतो, पेटी उघडते आणि नोटा बाहेर पडतात. म्हातारीला सगळे कळते. ती म्हणते, पैसे परत करा. चोर तिला समजावतात की या पैशांचा विमा आहे. विमा कंपनी तो भरून देईल, आणि प्रत्येक विमेदाराच्या हप्त्यावर फार तर एक फार्दिंग चढेल. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. मग बिघडले कोणाचे? म्हातारीला हा हिशेब पटत नाही. तेव्हा ते तिला भीती घालतात : पेटी तुम्हीच आणली, तुम्हीही आमच्यातल्याच झालात, आता तुम्हालाही तुरुंगात टपालाच्या पिशव्या शिवाव्या लागतील.

शेवटी ते तिचा काटा काढायचे ठरवतात. पण चिठ्ठी ज्याच्या नावावर येते तो काम करण्याऐवजी पैसे घेऊन पळायला बघतो. मग चोरावर मोर सुरू होतो. एकामागून एक पाचही चोर एकमेकांच्या हातून किंवा आपल्याच कर्माने संपतात, आणि त्यांची प्रेते खालून जाणाऱ्या मालगाडीच्या डब्यांत पडतात. म्हातारी आपली खुर्चीत डुलक्या घेत असते. तिचे काम केटी जॉन्सन या वयोवृद्ध नटीने केले. तिला या कामासाठी ब्रिटिश अकादमीचे सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले.

या सिनेमाचा शेवट मला झोपू देईना. म्हातारी पोलिसांकडे जाते आणि सरळ सांगते की चोरीचे पैसे माझ्या घरी आहेत. अंमलदार गालात हसतात. म्हातारीला काहीबाही सुचते, असे त्यांना वाटते. ते म्हणतात, मग ठेवा की ते पैसे तुमच्याकडेच! तिला आदराने दारापर्यंत सोडतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आता हे दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत चोर हुशार. दोन्हींत चोरीचा माल एका निरपराध माणसाने वाहिला. दोन्हींत त्या माणसाला काहीच माहीत नव्हते. पण कप्तानाची विधवा स्वतःहून म्हणते, माल माझ्याकडे आहे, तरी तिच्यावर कोणी संशय घेत नाही. मुंबईचा गाडीवाला गळा फोडून म्हणतो, मला काही ठाऊक नाही, तरी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दोघेही खरेच बोलत होते. फरक होता तो बोलणाऱ्याच्या कपड्यांत, घरात आणि धंद्यात. आणि लंडनच्या सिनेमातही बघा : फळवाल्याचा धंदा त्या दिवशी बसला तो बसलाच. त्याची चौकशी सिनेमानेही केली नाही आणि आपणही केली नाही. आपण हसत होतो.

दोन्ही सिनेमे खोटे आहेत, असे मी म्हणत नाही. उलट ते खरे आहेत, म्हणूनच हे दिसते. विनोदी सिनेमा काढणाऱ्याला पटकन पटेल अशी गोष्ट लागते. प्रतिष्ठित म्हातारीला पोलीस सोडतात हे प्रेक्षकांना लगेच पटते. गाडीवाल्याला पकडतात हेही लगेच पटते. ‘असे कसे पकडले?’ असा प्रश्न थिएटरात एकालाही पडत नाही. आमच्या वस्तीतही पडला नव्हता.

कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. चोरीचा माल जवळ बाळगणे हा गुन्हा केव्हा होतो? माल चोरीचा आहे हे माहीत असेल, किंवा तसे मानायला कारण असेल, आणि नियत खोटी असेल तेव्हा. जुन्या दंडसंहितेत हे कलम ४११ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१७ मध्ये आहे. पण १८७२ च्या पुरावा कायद्यातच असेही उदाहरण होते की चोरीनंतर लगेच ज्याच्याकडे माल सापडला, त्याला तो कसा आला हे सांगता आले नाही, तर न्यायालय त्याला चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा समजू शकते. सगळी मेख इथे आहे. शेठजवळ बिलबुक असते, मुनीम असतो, वकील असतो. हमालाजवळ काय असते? त्याचे तोंडी बोलणे. आणि ते बोलणे ऐकून घ्यायला कोणी बसलेले नसते.

यावर कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. व्हिक्टोरिया तर खरेच जुनी झाली. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. पण गाडीवाला जुना झाला नाही. सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. शंभरात पंचाहत्तरांहून जास्त. त्यांतले कितीतरी जण आमच्या मामांसारखे जामीनदारावाचून अडकलेले असतात. आज हातगाडीऐवजी टेम्पो आला, पाठीवर पार्सलची मोठी बॅग आली. वाहणारा माणूस तोच आहे.

म्हणून चार गोष्टी घरात सर्वांना ठाऊक असाव्यात. दुसऱ्याचा माल वाहताना देणाऱ्याचे नाव, दुकान, नंबर आणि पोचवायचा पत्ता कागदावर घ्यावा; निदान मोबाईलवर तसा संदेश मागून घ्यावा. अटक झाली तर कारण विचारण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ ने दिला आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. कोठडीत असलेल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १९८७ चा कायदा आहे आणि तो १९९५ पासून लागू आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० या नंबरावर फुकट फोन करता येतो. मामांच्या वेळी १९८७ चा हा कायदा आणि हा फोन नंबर नव्हता. आज आहे, पण माहीत नसेल तर असून नसल्यासारखे.

आणि शेवटची गोष्ट कायद्याची नाही, आपल्या वागण्याची आहे. वस्तीतला एखादा माणूस ‘आत’ गेला की आपण त्याच्या घरावरून जाताना मान वळवतो. मेहताजीने फसवले ते एकदाच. पण माझ्या मामेबहिणीला तीन वर्षे रोज सकाळी खाली मान घालून चालावे लागले, ते आपल्याच माणसांमुळे. ती आता दोन मुलांची आई आहे, दोघांनाही तिने पदवीपर्यंत शिकवले. स्वतःची आठवी मात्र राहिली ती राहिलीच.

सिनेमे जरूर पाहा. ‘व्हिक्टोरिया नं. २०३’ मुलाबाळांसह पाहण्यासारखा आहे, आणि इंग्रजी समजणारे कोणी घरात असेल तर लंडनच्या म्हातारीचा सिनेमाही पाहा. चोर चोराला फसवतो तिथे खुशाल हसा, ते हसण्यासारखेच आहे. फक्त एकदा पोरांना विचारा, “यात माल कोणी वाहिला, आणि त्याचे पुढे काय झाले?” पोरे हुशार असतात. उत्तर शोधायला लागली की ती बरोबर गाडीवाल्यापाशी जाऊन थांबतील.